सुपरहिरोला भीती वाटेनाशी झाली आणि भुताला दम धरवेनासा झाला

रातकिडा

पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे तीन आठवडे पलंगावर पडून होतो. वेळ जाईना म्हणून एक नेम करून टाकला : दुपारी एक सुपरहिरोपट, रात्री एक भयपट. मधल्या वेळात मालिकांचे एपिसोड. दोन्ही प्रकार मला लहानपणापासून जीव की प्राण, त्यामुळे हे तीन आठवडे चैनीत जातील असं वाटलं होतं.

पण दहाव्या-बाराव्या दिवशी काहीतरी चुकतंय हे जाणवायला लागलं. दुपारी पडद्यावर शहरच्या शहर कोसळत होतं, आकाशातून निळा झोत येत होता, आणि मी प्लास्टरच्या आत खाज येते म्हणून लांब पट्टी शोधत होतो. त्याच रात्री शार्क माशाचा 'जॉज' लावला. १९७५ चा सिनेमा, याआधी चारदा तरी पाहिलेला. पाण्यावरून माशाला बांधलेलं नुसतं एक पिवळं पिंप सरकत आलं आणि मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मासा दिसलासुद्धा नव्हता!

माझं मत असं झालंय की या दोन्ही प्रकारांचं भांडवल एकच आहे, भीती. भयपटात ती आपल्याला स्वतःसाठी वाटते आणि सुपरहिरोपटात त्या माणसासाठी. हल्लीचे सुपरहिरो विसाव्या मजल्यावरून पडता पडता विनोद करतात. त्यांनाच भीती नाही, तर मी कशाला जीव मुठीत धरून बसू? आणि भयपटवाल्यांना घाई झालीय. दर दहा मिनिटांनी दार आपटतं, कोणीतरी किंचाळतं, आणि भूत पहिल्या वीस मिनिटांत चेहऱ्यासकट हजर.

तर दोन प्रश्न. शेवटचं मनापासून कधी घाबरलात? आणि एखाद्या सुपरहिरोसाठी जीव शेवटचा कधी टांगणीला लागला? नुसती नावं नकोत, प्रसंग सांगा. जुन्या सिनेमांचे शेवट खुशाल लिहा, २०२० नंतरचं असेल तर आधी 'स्पॉयलर' असं लिहा.

चित्रवेडी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डोळे मिटून देते : 'तुंबाड'. आजी. साखळीने बांधलेली ती आजी आणि तिला झोपवायला हस्तर या शापित देवाचं नाव घ्यावं लागणं. त्या मुलाच्या जागी मी होते. बाकी सिनेमाभर पाऊस पडतो ना, त्या ओल्या भिंतींचा वास थिएटरात येत होता मला.

केपवाला

सुपरहिरोंवर सरसकट शिक्का मारू नका राव. 'इन्फिनिटी वॉर' २०१८ मध्ये पहिल्या दिवशी पाहिला. व्हिलन थॅनोसने चुटकी वाजवली आणि एकेक जण धूळ होऊन विरायला लागला तेव्हा अख्खं थिएटर गप्प झालं होतं. पीटर (स्पायडरमॅन) टोनीला (आयर्न मॅनला) बिलगतो आणि जायचं नाही म्हणतो, तिथे माझ्या शेजारचा धिप्पाड माणूस रडत होता. भीती नाही कशी म्हणता?

रातकिडा

@केपवाला, तो प्रसंग मलाही लागला होता. पण मनाच्या कोपऱ्यात माहीत होतं की हे परत येणार. पुढच्या वर्षी 'एंडगेम'मध्ये आलेही. त्यानंतर कोणी मेलं की मी पहिल्यांदा विचार करतो, कुठल्या मल्टिव्हर्समधून, म्हणजे समांतर विश्वातून, याला परत आणतील? माझी भीती तिथेच गेली.

साधा_प्रेक्षक

माझा प्रतिसाद थोडा मोठा होईल, पण धाग्याचा विषय अगदी जिव्हाळ्याचा आहे.

धागाकर्त्याने 'दोन्हींचं भांडवल एकच' असं लिहिलंय, त्याला पुरावा म्हणून दिग्दर्शकांची नावंच बघा. रिचर्ड डॉनरने १९७६ मध्ये 'द ओमेन' केला, आणि लगेच १९७८ मध्ये 'सुपरमॅन'. सॅम रेमी 'ईव्हिल डेड'वाला, त्यानेच २००२ चा 'स्पायडरमॅन' केला. गिएर्मो देल तोरो, 'ब्लेड २' आणि 'हेलबॉय'. स्कॉट डेरिकसनने 'सिनिस्टर' केला आणि मग 'डॉक्टर स्ट्रेंज'. जेम्स वान 'सॉ' आणि 'कॉन्ज्युरिंग' करून 'अॅक्वामॅन'कडे गेला. 'लाइट्स आउट'वाल्या सँडबर्गने 'शझॅम' केला. जेम्स गनसुद्धा 'गार्डियन्स'च्या आधी 'स्लिदर' नावाचा किळसवाणा आणि मजेदार भयपट करून आलेला.

इतके लोक एकाच वाटेने गेले हा योगायोग वाटत नाही मला. शरीरावर काहीतरी विपरीत घडतं आणि माणूस पूर्वीचा राहत नाही, ही भयपटाची गोष्ट. कोळी चावतो, प्रयोगशाळेत स्फोट होतो, ही सुपरहिरोची. सुरुवात एकच, फाटा नंतर फुटतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण 'स्पायडरमॅन २' (२००४) मधलं ऑपरेशन थिएटर. डॉक्टर ऑक्टोपसचे यांत्रिक हात कापायला सर्जन करवत चालू करतात आणि ते हात जागे होतात. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. किंकाळ्या, सावल्या, आणि जमिनीवरून ओढली जाणारी एक बाई, तिची नखं फरशीवर ओरखडे काढत जातात. मुलांना घेऊन आलेल्या आईबापांनी भरलेल्या थिएटरात रेमीने दोन मिनिटांचा अस्सल भयपट दाखवला. आणि त्याच सिनेमात बेफाम धावणारी आगगाडी स्पायडरमॅन जाळ्यांनी थांबवतो तो प्रसंग! मुखवटा गेलेला, छाती फाटेल असा ताण, दात ओठात. गाडी थांबते आणि तो कोसळतो. प्रवासी त्याला हातांवर झेलून आत नेतात, आणि त्यांना दिसतं की हा तर कोवळा पोरगा आहे. दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. वीस वर्षं झाली, अजून तेच आहे.

मांजरपावली

+१ आगगाडीला. मुखवटा परत द्यायला येतात ती दोन लहान मुलं, तिथे माझा बांध फुटतो. दरवेळी.

अमावस्या_१३

ऑपरेशन थिएटरमध्ये एक डॉक्टर जीव वाचवायला हातात घेतो ती चेनसॉ 'ईव्हिल डेड'ची आठवण आहे बरं का. रेमीचे चाहते तिथे शिट्ट्या मारतात.

ध्वनिवेल्हाळ

मी व्यवसायाने साउंड एडिटर आहे, त्यामुळे 'दार आपटतं' या तक्रारीवर बोलायलाच हवं.

जंप स्केअर, म्हणजे प्रेक्षकाला अचानक दचकवणं, ही शिवी झालीय, पण तिचा जन्म फार देखणा आहे. १९४२ चा 'कॅट पीपल'. रात्रीची वेळ, एक बाई रस्त्याने चाललीय. दिव्याखालून उजेडात येते, पुन्हा अंधारात जाते. मागे दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज. मग मागचा आवाज बंद होतो. बस्स, नुसता बंद होतो. ती घाबरून पावलं उचलते, आपण झुडपाकडे बघत राहतो, आणि अचानक फिस्सकन आवाज करत बस येऊन उभी राहते. हल्ला झालेलाच नाही! निर्माता व्हॅल ल्यूटन, म्हणून या युक्तीला आजही आमच्यातले लोक 'ल्यूटन बस' म्हणतात.

यात काम शांततेचं आहे. खोलीला स्वतःचा एक बारीक आवाज असतो, आम्ही त्याला रूम टोन म्हणतो. पंखा, लांबची रहदारी, हवा. धक्क्याच्या आधी तो हळूहळू काढून घेतला की प्रेक्षकाला काय झालं ते कळत नाही, पण मान ताठ होते. हल्ली काय होतं, की ती काढून घेण्याची वीस सेकंदं कोणी देत नाही. नुसता शेवटचा मोठा आवाज तेवढा लावतात. दचकणं हा शरीराचा धर्म आहे, फुगा फुटला तरी माणूस दचकतो. त्याला भीती म्हणत नाहीत.

'एक्झॉर्सिस्ट ३' (१९९०) मधला हॉस्पिटलचा कॉरिडॉर बघा. कॅमेरा लांब, जागचा हलत नाही. नर्स इकडून तिकडे करते, एक आवाज येतो, तो निघतो पेल्यात बर्फ तडकल्याचा. आपण सुटकेचा श्वास सोडतो. ती दार लावून वळते आणि मग... बघाच. या एका प्रसंगासाठी मी तो सिनेमा किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही.

एक प्रयोग सुचवतो. कुठलाही प्रसंग आवाज पूर्ण बंद करून बघा. भीती उरली तर ती चित्रात होती.

मांजरपावली

@ध्वनिवेल्हाळ, हा प्रतिसाद वाचताना माझ्या घरातला पंख्याचा आवाज ऐकू यायला लागलाय मला. 😀

मग 'हॅलोवीन'च्या संगीताबद्दल काय म्हणाल? ते तर सतत वाजतंच असतं.

ध्वनिवेल्हाळ

छान प्रश्न. जॉन कार्पेंटरने स्वतःच दिलेलं संगीत आहे ते, १९७८. पाच मात्रांचा ताल. आपल्या कानाला चारची सवय, त्यामुळे सम जिथे यावी असं वाटतं तिथे ती येत नाही. एक मात्रा कायम पुढे पळते. कोणीतरी आपल्याहून एक पाऊल पुढे आहे असं वाटतं, ते त्यामुळे.

आणि 'सायको'मधला न्हाणीघराचा प्रसंग हिचकॉकला आधी संगीताशिवाय हवा होता. बर्नार्ड हरमनने तरीही लिहिलं, फक्त तंतुवाद्यांवर, आणि ते ऐकून हिचकॉकने मत बदललं. म्हणजे आवाज नकोच असं माझं म्हणणं नाही. तो कमावलेला हवा.

पोटमाळा

इथे सगळे परदेशी सिनेमे चाललेत म्हणून मी 'भूत' (२००३) पुढे करतो. एकही गाणं नाही. त्या काळात हिंदीत एवढं धाडस मोठं होतं. भरवस्तीतली उंच इमारत, लिफ्ट, रोजचा फ्लॅट. हवेली नाही, वाडा नाही, धुक्यातला दिवा नाही. ऊर्मिला मातोंडकर आरशासमोर उभी राहिली की मी पडद्याच्या कडेला बघायचो. त्याच दिग्दर्शकाचा, राम गोपाल वर्मांचा, १९९२ चा 'रात'सुद्धा विसरू नका, त्यात रेवतीने कमाल केलीय.

चित्रवेडी

'रात'ला अनुमोदन! भर थिएटरातला तो प्रसंग. मैत्रीण उठून बाहेर जाते आणि परत वळून बघते तर सगळं रिकामं. सिनेमा बघणाऱ्याला सिनेमागृहाचीच भीती घालायची म्हणजे केवढी हिंमत.

विज्ञाननिष्ठ

माझा वेगळा सूर. भुतंखेतं मानत नाही, त्यामुळे आत्मा, शाप, तळघर यांतलं काही लागत नाही. मला पडद्यावर सगळ्यात जास्त कोणी घाबरवलं असेल तर एका सुपरहिरोने. 'द बॉइज' मालिकेचा पहिला सीझन (२०१९), विमानाचा प्रसंग. होमलँडर आणि मेव्ह हे दोन सुपरहिरो अपहरण झालेलं विमान सोडवायला जातात, त्याच्याच चुकीने विमानाची यंत्रणा जळते, आणि तो शांतपणे ठरवतो की आता सगळ्यांना मरू द्यायचं. मेव्ह विनवते, निदान ती लहान मुलगी तरी घेऊ. नाही. साक्षीदार नकोत. लोक हात जोडताहेत आणि त्याच्या चेहऱ्यावर वैताग आहे, काम लांबल्यासारखा.

होमलँडर झालेल्या अँटनी स्टारचं ते हसू बघा, ओठ हसतात आणि डोळे नाही. दार ओलांडून न येणारं भूत परवडलं. हा माणूस भिंतीतून येतो आणि लोक त्याला टाळ्या वाजवतात.

साधा_प्रेक्षक

@विज्ञाननिष्ठ, उत्तम मुद्दा. तुमच्यामुळे एक जोडी आठवली. अदृश्य होण्याची शक्ती. 'मिस्टर इंडिया' (१९८७) मध्ये तीच शक्ती आपल्या बाजूला आहे, म्हणून आपण टाळ्या पिटतो. मूर्ती हवेत उचलली जाते, गुंड मार खातात, पोरं हसतात. आणि 'द इनव्हिजिबल मॅन' (२०२०) मध्ये तीच शक्ती एका छळणाऱ्या पुरुषाकडे आहे, आणि आपण ज्या बाईबरोबर आहोत तिला तो दिसत नाही.

स्पॉयलर, पण सुरुवातीचाच भाग आहे. ती रात्री घराबाहेर थंडीत उभी असते, तिच्या तोंडातून वाफ निघते. मग तिच्या मागे, जिथे कोणीच नाही तिथून, दुसरी वाफ निघते. तिला दिसत नाही, आपल्याला दिसते. आणि कॅमेरा मधेच तिला सोडून खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळतो आणि तिथेच थांबतो. कोपऱ्यात काहीही नाही. मी रिकाम्या कोपऱ्याला घाबरलो.

शक्ती तीच. कोणाच्या बाजूने बघतोय एवढाच फरक.

केपवाला

हे भारी होतं. आणि 'ब्राइटबर्न' म्हणजे सुपरमॅनची गोष्ट घेऊन केलेला भयपट की. पाळण्यातलं बाळ आकाशातून येतं, पण मोठं होऊन वाईट निघतं.

अमावस्या_१३

कल्पना छान, सिनेमा फसलाय. त्या मुलाला आतून काय होतंय ते कधी कळतच नाही. 'क्रॉनिकल' (२०१२) त्याहून कितीतरी सरस. तिथला अँड्र्यू कोळ्याचे पाय एकेक करून तोडतो, नुसत्या मनाच्या जोरावर, आणि तेव्हाच कळतं की आता हा हाताबाहेर जाणार. पण त्याचं घर पाहिलेलं असतं, बाप पाहिलेला असतो, त्यामुळे रागही येतो आणि पोटात कालवतंही.

शेवटचा_बाक

कोणी शक्तिमानचं नाव घेईल म्हणून वाट बघत होतो! १९९७, दूरदर्शन. तुम्ही सगळे व्हीएफएक्सवर बोलताय, आम्ही गोल गोल फिरून चक्कर येऊन पडायचो. शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें'मध्ये ज्या मुलांना चूक कबूल करायला लागायची त्यांच्याबरोबर मीही मनातल्या मनात कबूल करायचो.

पण भीती म्हणाल तर त्यातला व्हिलन तमराज किल्विश. 'अंधेरा कायम रहे' कानावर आलं की मी उठून दिवाणखान्याचा दिवा लावून यायचो.

मांजरपावली

@शेवटचा_बाक 😀😀 आमच्या भावाने त्या फिरण्यात कपाटाची काच फोडली होती. आणि 'आहट' कोणाला आठवतं? ते दार करकरल्याचं शीर्षकसंगीत लागलं की मी स्वयंपाकघरात पळायचे आणि तिथून ओरडून विचारायचे, 'काय झालं, सांगा ना.' ऐकीव गोष्ट दसपट भयंकर वाटायची.

कावळा_कोकीळ

बराच वेळ वाचतेय. लिहू की नको करत होते.

माझे बाबा गेले त्या वर्षी मला कोणी 'हेरेडिटरी' बघायला सांगितला. भयपट म्हणून बसले. ती गाडी, खिडकीतून डोकं बाहेर काढलेली बहीण, तो खांब, आणि मग गाडी चालवणारा तो मुलगा काहीही न बोलता घरी येतो, झोपायला जातो. सकाळी आईची किंकाळी ऐकू येते आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरच राहतो, उघडे डोळे. टोनी कोलेट ज्या तऱ्हेने जमिनीवर पडून आक्रोश करते ते मी प्रत्यक्ष ऐकलेलं होतं, आमच्या घरात. मी बंद केलं. अजूनही पुढचा अर्धा पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. सिनेमा वाईट आहे असं मुळीच म्हणायचं नाही. फार खरा आहे.

पण पुढे तीन-चार महिन्यांनी 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' ही मालिका पाहिली, दहा एपिसोड, दोन रात्रींत. तीही भुतांचीच गोष्ट, आणि त्यातही एका घरातलं माणूस गेलेलं. सहावा एपिसोड जवळजवळ सगळा लांब लांब शॉट्सचा आहे. भावंडं शवपेटीभोवती भांडताहेत आणि कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो. मागे भुतं उभी असतात, कोणी त्यांच्याकडे लक्ष वेधत नाही. मला ते बघून भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. कोणीतरी गेल्यावर घर असंच असतं. माणूस मागे उभा असतो आणि आपण पुढे बिलावरून, चाव्यांवरून वाद घालत असतो.

त्या वर्षी मला सगळ्यात जवळचा वाटलेला प्रकार भयपट होता. हलकेफुलके सिनेमे बघवत नव्हते.

रातकिडा

@कावळा_कोकीळ, लिहिलंत हे फार बरं केलंत. सहावा एपिसोड मी पाहिला होता, पण तुमच्या नजरेने पाहिला नव्हता.

पोटमाळा

@कावळा_कोकीळ 🙏

साधा_प्रेक्षक

🙏 त्या मालिकेत मानमोडकी बाई हे भूत कोण हे उलगडतं, तेव्हा मीही भीती विसरून नुसता बसून राहिलो होतो. लहानपणापासून जिला ती मुलगी घाबरत आली... जाऊ दे, ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सोडतो.

नवा_भिडू

इथे विचारू का? आठ वर्षांच्या मुलाने मोठ्या भावाबरोबर चुकून एका भयपटाचा तुकडा पाहिला. आता अंधारात झोपत नाही. काय करावं?

मांजरपावली

@नवा_भिडू, दिवा चालू राहू द्या थोडे दिवस, त्यावरून चिडवू नका. माझ्या मुलीला मी पडद्यामागचं चित्रीकरण दाखवलं होतं. मेकअप कसा करतात, तोंडाला रबर कसं लावतात, 'भूत' खुर्चीत बसून पुस्तक वाचतंय वगैरे. ती नंतर स्वतःच मैत्रिणींना समजावत होती. पण आठवडाभराने कमी झालं नाही तर डॉक्टरांशी बोला.

ध्वनिवेल्हाळ

शिवाय त्याला आवाज बंद करून तोच तुकडा बघायचा का विचारा, पण त्याची इच्छा असेल तरच. जबरदस्ती नको.

लोगनची_लेक

सुपरहिरोंच्या बाजूने कोणीतरी मोठं लिहायला हवं म्हणून मी लिहिते.

धागाकर्ते, भीती गेली हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण ती सगळीकडून गेलेली नाही. 'डेअरडेव्हिल' मालिकेचा पहिला सीझन, दुसरा एपिसोड, २०१५. अरुंद कॉरिडॉर, एका पळवलेल्या मुलाला सोडवायचंय, मारामारी एकसलग चालते. आणि तो दमतो! भिंतीला टेकतो, धापा टाकतो, एकाला पाडतो तर तो पुन्हा उठतो कारण मार तेवढा जोरात बसलेलाच नसतो. दमलेला सुपरहिरो बघितला की मी आपोआप खुर्चीच्या टोकावर येते.

आणि 'लोगन' (२०१७). ज्याच्या जखमा क्षणात भरायच्या तो खोकतोय, लंगडतोय. बारीक अक्षरं वाचायला स्वस्तातला चष्मा डोळ्यांना लावतो. चष्मा! १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये ख्रिस्तोफर रीव्ह लोइसच्या घरात तिची पाठ असताना चष्मा काढतो, पाठ सरळ करतो, खांदे रुंदावतात, आवाज बदलतो, आणि त्याच कपड्यांत, त्याच जागी, दुसराच माणूस उभा राहतो. मग धीर होत नाही, चष्मा परत लावतो आणि खांदे पुन्हा पडतात. कुठलंही तंत्र नाही, एका नटाचं शरीर. तिथे चष्मा म्हणजे सोंग होतं, आणि 'लोगन'मध्ये चष्मा म्हणजे वय. हे दोन चष्मे माझ्या दृष्टीने या प्रकारातल्या सगळ्या उडणाऱ्या इमारतींपेक्षा मोठे आहेत.

'इन टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) अॅनिमेशन म्हणून सोडू नका. जंगलातल्या प्रसंगात नवशिक्या माइल्सची हालचाल अनुभवी पीटरच्या निम्म्या चित्रांत काढलीय, म्हणून तो अडखळत, झटके खात हलतो आणि पीटर लोण्यासारखा. शिकत जातो तसा त्याचा अडखळेपणा कमी होतो. एखाद्या पोराची धाकधूक चित्रांच्या संख्येतून दाखवलीय, सांगा बरं!

केपवाला

@लोगनची_लेक, तुम्ही माझं काम केलंत. लवून नमस्कार.

विज्ञाननिष्ठ

मल्याळम 'मिन्नल मुरली' (२०२१) राहिला. त्यातला शिबू व्हिलन आहे, पण गुरू सोमसुंदरमने तो असा केलाय की मी वीज पडून शक्ती मिळालेल्या दोघांपैकी त्याच्याच बाजूने जास्त वेळ होतो. अख्खा जन्म ज्याला लोकांनी वेडा ठरवलं, त्याला एकाच बाईची ओढ. ती बोलते तेव्हा त्याचा चेहरा बघा. सुपरहिरोपटात व्हिलनसाठी घाबरलो, हे पहिल्यांदा झालं.

अमावस्या_१३

मल्याळममध्ये दोन्ही प्रवाह एकत्र आलेतसुद्धा. 'लोका' (२०२५), कल्याणी प्रियदर्शन. लोककथेतली यक्षीच सुपरहिरो आहे. @साधा_प्रेक्षक म्हणतात तो फाटा तिथे परत जुळतो. आणि काळ्या-पांढऱ्यात केलेला 'भ्रमयुगम्' (२०२४) बघाच. ममूटी नुसता पायऱ्यांवर बसून हसतो आणि घशाला कोरड पडते. हे लोक १९९३ च्या 'मणिचित्रताळ'पासून भीतीकडे अदबीने बघत आलेत. शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्या भूमिकेसाठी.

पोटमाळा

मराठीतलं कोणीच काढलं नाही? 'लपाछपी' (२०१७). उसाच्या फडातलं घर, गरोदर बाई, आणि दुपारच्या उन्हातली भीती. अंधार लागतच नाही. हिंदीत 'छोरी' (२०२१) त्याच दिग्दर्शकाने केला, पण मला मूळ जास्त लागला, उषा नाईकांमुळे. ऊस उंच असतो, चार हातांवरचं दिसत नाही, आणि वारा आला की सगळं शेत एकदम सळसळतं. याहून वेगळं भूत लागतं कशाला?

चित्रवेडी

सहमत. आणि 'तुंबाड'चं सांगायचं राहिलं होतं. २०१८ मध्ये लोकांनी फारसा पाहिला नाही, २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मी दोन्ही वेळा गेले. दुसऱ्या वेळी हॉल भरलेला होता, आणि हस्तरसाठी पिठाची बाहुली खाली सोडतात तेव्हा पुढच्या रांगेतला कॉलेजचा ग्रुप एकमेकांचे हात धरून बसला होता. दम धरणारा भयपट चालतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

केपवाला

मूळ प्रश्न विचारणारे कुठे गेले? एवढी चर्चा झाली, उत्तर द्या आता.

रातकिडा

इथेच आहे. परवा प्लास्टर निघालं, त्या गडबडीत होतो. मधल्या काळात @ध्वनिवेल्हाळ यांचा प्रयोग करून पाहिला. टीव्हीचा आवाज शून्य, एकेक प्रसंग.

आधी गेल्या काही वर्षांतला एक भयपट, नाव लिहीत नाही, ज्यात मी थिएटरात सात-आठदा दचकलो होतो. आवाज गेल्यावर नुसती एक बाई घरभर दारं उघडत फिरत होती. एकदाही काही वाटलं नाही.

मग 'जॉज'. पिंपं तरंगत आली, आणि पुन्हा तेच, पांघरूण वर. तो यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा म्हणून स्पीलबर्गला तो कमी दाखवावा लागला, हे ठाऊक असूनही. आत पिंपाला ओढणारं काय आहे ते माझं डोकंच तयार करत होतं.

मग सुपरहिरो. निळ्या झोताचा क्लायमॅक्स आवाजाशिवाय पाच मिनिटंही बघवला नाही. @साधा_प्रेक्षक यांची आगगाडी लावली. आवाज नसताना माझं लक्ष पहिल्यांदाच त्याच्या सुटावर गेलं, ताणून ताणून उसवत जाणारा. आणि प्रवाशांच्या तोंडांवर. आधी ते स्वतःसाठी घाबरलेले असतात, आणि गाडी थांबल्यावर त्याच्यासाठी घाबरतात. मी इतक्या वेळा पाहिलं, पण चेहरे बदलतात हे कधी लक्षात आलं नव्हतं. माझी तक्रार होती की त्यांना भीती नाही तर मला कशी वाटणार. त्या डब्यातल्या लोकांना ती वाटते आणि त्यांच्याकडून माझ्याकडे येते. हल्लीच्या पडणाऱ्या शहरांत मला असा डबाच दिसत नाही, एक चेहरा धड दिसत नाही.

शेवटी 'इनव्हिजिबल मॅन'चा रिकामा कोपरा. आवाजाशिवाय तो जास्त वाईट आहे. सांगून ठेवतो. आता रात्री पाणी प्यायला उठलो की खोलीतल्या रिकाम्या खुर्चीवरून नजर हलत नाही, दिवा लावूनच पुढे जातो. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर तारखेसकट मिळालं : काल रात्री.

@लोगनची_लेक, 'डेअरडेव्हिल' आज लावतोय.

ध्वनिवेल्हाळ

वा! तो कॉरिडॉर मात्र आवाजासकट बघा. श्वास ऐकायचेत.

मांजरपावली

@रातकिडा, त्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग ठेवा हो. आमच्याकडे कायम असतो, कोणाला बसायला जागाच नाही. 😀